लोकल फंडापासून शाळा समितीपर्यंत : मुरबाडचा पालक कुठे हरवला?

धसई हे नाव महाराष्ट्राने एकदाच मोठ्या अक्षरात वाचलं. नोटाबंदीनंतर तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ ला, मुरबाड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार येऊन गेले. बँकेने दुकानदारांना स्वाइप मशीन दिली. कार्ड घासणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो देशभर छापून आले. वर्षभरात व्यवहार पुन्हा रोखीवर आले आणि कॅमेरेही परत गेले.

योजना वरून येते, गावावर ठेवली जाते, फोटो निघतो आणि गाव आपल्या वाटेने चालू लागतं. शाळेच्या बाबतीत हा अनुभव धसईच्या परिसराला दीडशे वर्षांचा आहे. त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा लेख.

निमित्त एका वाक्याचं. मुरबाड-शहापूर पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणारे माझे काही मित्र आहेत. कोणाशीही बोला, दहा मिनिटांत ते वाक्य येतंच, “पालकच उदासीन आहेत हो.” भिवंडी-मुंब्र्यातल्या उर्दू शाळांच्या स्टाफरूममध्ये बसलं की तेच वाक्य वेगळ्या शब्दांत कानावर पडतं, “वालिदैन को फिक्र ही नहीं.” तिकडचा पालक कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कुणबी, इकडचा यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा मुसलमान. दोघांवर आरोप एकच. तो खरा आहे का, हे तपासण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा, की या पालकाला शाळेच्या कारभारात कधी आणि कोणत्या नात्याने जागा दिली गेली? मला जो इतिहास दिसतो, त्यात तो आधी पैसे भरणारा होता, मग दंड भरणारा झाला, आणि आता सही करणारा आहे. विचारणारा तो फार क्वचित होता.

सुरुवात पैशापासून करू. १८६३ पासून मुंबई इलाख्यात जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसू लागली. १८६९ च्या कायद्याने तिला रीतसर रूप मिळालं. हा ‘लोकल फंड’. त्यातले दोन हिस्से रस्ते वगैरे कामांसाठी आणि एक हिस्सा शिक्षणासाठी, अशी ढोबळ वाटणी होती. इलाख्यातल्या खेड्यापाड्यातल्या कितीतरी मराठी शाळा या आण्यावर उभ्या राहिल्या. म्हणजे सरकारने शाळा ‘दिल्या’ असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. भात पिकवणाऱ्याने साऱ्यासोबत शाळेचाही पैसा भरला. जमीन सावकाराच्या नावावर गेली तरी भार शेवटी कुळाच्याच पाठीवर यायचा. त्यातल्या किती जणांची पोरं त्या शाळेत बसली, हा वेगळाच मामला. शाळा असायची मोठ्या गावात, कर असायचा प्रत्येक वाडीवर.

हा अन्याय ज्यांनी सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडला ते जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांचा मुद्दा असा होता, की सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि तिच्या मुलांच्या शिक्षणावर त्यातला नगण्य भाग परत जातो. वरचे वर्ग मात्र त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात. लोकल फंडाचा मोठा वाटा प्राथमिक शिक्षणालाच मिळावा, हा त्यांचा आग्रह. मास्तर कसा असावा याबद्दलही त्यांचं मत होतं. गरज पडली तर नांगराच्या रुमण्याला हात लावायला ज्याला कमीपणा वाटत नाही आणि खालच्या थरातल्या लोकांत जो मिसळतो, असा मास्तर त्यांना हवा होता. गरीब घरातल्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्यावीत, म्हणजे आईबापांना पोरगं शाळेत पाठवणं परवडेल, असंही त्यांनी सुचवलं. दीडशे वर्षांपूर्वीचा हा माणूस पालकाला उदासीन म्हणत नाही. पोराला शाळेत पाठवल्याने त्या घराचं काय बुडतं, याचा हिशेब तो करतो.

जोतीरावांना हा हिशेब पुस्तकातून कळला नव्हता. त्यांचं स्वतःचं शिक्षण वडिलांनी मध्येच बंद केलं होतं. पोरगं शिकून बिघडेल अशी भीती गोविंदरावांच्या मनात घातली गेली आणि जोती मळ्यात कामाला लागला. पुढे शेजारचे उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे इंग्रज गृहस्थ यांनी गोविंदरावांची समजूत काढली. १८४१ च्या सुमारास जोती पुन्हा मिशनच्या शाळेत दाखल झाला. आपल्याकडच्या जलशांत, व्याख्यानांत फातिमा शेख यांचं नाव आवर्जून घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं. पण मुन्शीजींचं काम मला तितकंच मोठं वाटतं. त्यांनी शाळा काढली नाही, पैसे दिले नाहीत. ते एका बापाशी बोलले. आधी त्यांनी त्या पोराची हुशारी पाहिली होती आणि गोविंदरावांशी त्यांचं शेजारपणाचं नातं होतं, म्हणून ते बोलणं ऐकलं गेलं. सरकारी भाषेत याला आज ‘पालक प्रबोधन’ म्हणतात. त्याचं पत्रक निघतं, शेजारपण मात्र पत्रकाने तयार होत नाही.

त्यानंतरच्या काळात पालकाकडे बघण्याची नजर बदलली. तो आता कायद्याचा विषय झाला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तसं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचा कायदा केला. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड. त्या काळात हा रुपया लहान नव्हता. या सगळ्या मंडळींचा हेतू थोर होता, यात वाद नाही. पण दंडाच्या कायद्यात पालक हा संभाव्य गुन्हेगार असतो, हेही खरं. शाहू महाराजांना ते कळत होतं, म्हणून ते दंडावर थांबले नाहीत, वसतिगृहं काढत राहिले. १९०६ मध्ये त्यांनी मुसलमानांना एकत्र बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू करून दिलं. राजा अध्यक्षपद घेतो, तेव्हा गावातला गरीब बाप पोराला शहरात सोडायला धजावतो. दंडाने जे होत नाही ते अशा भरवशाने होतं.

ब्रिटिश मुलखात मात्र गोष्टी वेगळ्या चालल्या. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला, तोही फक्त नगरपालिकांसाठी. खेडी त्यातून बाहेरच. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने खेड्यातल्या शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि त्यांच्या स्कूल बोर्डांकडे द्यायचं ठरलं. जुनी माणसं अजूनही ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणतात आणि व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्या आजोबाचं नाव आदराने घेतात, ते या काळातलं. वरवर पाहता ही लोकशाहीच होती. शाळा सरकारी खात्याच्या हातून लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती आली. मग आक्षेप कोणाचा होता?

आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय ‘गावाची शाळा गावाच्या ताब्यात’ ही घोषणा कोणी देऊ नये असं मला वाटतं. १२ मार्च १९२७ ला मुंबई कायदेमंडळात बोलताना त्यांनी आकडे ठेवले. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. त्याच भाषणात समाजगटांची तुलना होती. प्राथमिक शाळेत दर हजारी पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुलं, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८ आणि मागासवर्गाची १८. मुस्लिम वाचकांनी हा आकडा दोनदा वाचावा. ९२ म्हणजे आपण पुढारलेल्या वर्गाच्या बरेच जवळ होतो. माध्यमिक शाळेत मात्र लाखामागे पुढारलेले ३०००, तर मुसलमान ५००. पालक उदासीन असता तर पहिलीतच गळाला असता. बापाने पोराला शाळेत घातलं होतं. पुढे काय नव्हतं? शाळा दूर होती, फी होती, भाषा बदलत होती, घरात कमावता हात हवा होता. पायरी चढता चढता गळती झाली, आणि दोष दिला गेला तो दारात उभ्या असलेल्याला.

पुढच्या वर्षी, २९ मे १९२८ ला, सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की प्राथमिक शिक्षणाचा तो कायदा रद्द झाला पाहिजे आणि शाळा स्कूल बोर्डांच्या हाती देणं थांबलं पाहिजे; नाहीतर दलितांचं शिक्षण मागे जाईल. कारण उघड आहे. बोर्डावर बसणारे कोण? ज्यांना अस्पृश्याचं पोर ओसरीवर बसलेलंही खपत नाही, तेच. ‘गाव’ नावाचा एक माणूस नसतो. गावात मालक असतो, कूळ असतं, वेशीबाहेरचा असतो, पलीकडच्या डोंगरावरचा असतो. मुरबाडच्या कातकऱ्यासाठी धसईचा बाजार हे जसं दुसऱ्याचं गाव, तशीच तिथली शाळा समितीही दुसऱ्याचीच असू शकते. पालकांचा सहभाग म्हणताना कोणता पालक, हा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हाच विचारून ठेवला आहे.

पुढे ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळा प्रयोग उभा राहिला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तरुण अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि दहा-बारा वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून आपण हा वारसा ठाण्याचा म्हणायला विसरलो आहोत. या दोघींना पहिल्याच फेरीत कळलं की आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येणार नाहीत. मोठी मुलं गुरं राखायला जातात, लहान बहिणीला काखेत घेऊन फिरतात. मग त्यांनी शाळाच अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणात नेली, ती कुरणशाळा. आज अंगणवाडी म्हटलं की पोषण आहार आणि वजनकाटा आठवतो, पण त्या शब्दात मुळात एक नम्रता आहे. घरच्या अंगणात जायचं तर घरच्यांची परवानगी लागते, त्यांची वेळ सांभाळावी लागते. आई भात कांडत असेल तर तिच्या शेजारी बसूनच बोलावं लागतं. पालकांना शाळेत बोलावण्याच्या कितीतरी आधी शाळा पालकांकडे गेली होती.

स्वातंत्र्यानंतर १९४७ चा नवा प्राथमिक शिक्षण कायदा आला, जिल्हा स्कूल बोर्डं राहिली, हजेरीचे आदेश आणि दंडाची तरतूदही राहिली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि स्कूल बोर्ड इतिहासजमा झालं. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं शाळांच्या विस्ताराची आहेत. पाड्यापाड्यावर झेडपीच्या खोल्या बांधल्या गेल्या. हे काम प्रचंड होतं, त्याला कमी लेखणं कृतघ्नपणा होईल. फक्त एवढंच, की या काळात पालक चित्रातून जवळजवळ नाहीसा झाला. शाळा झेडपीची, गुरुजी झेडपीचे, बदली पंचायत समितीकडून, तपासणी विस्तार अधिकाऱ्याकडून. पालकाने यायचं ते दाखल्यापुरतं आणि झेंडावंदनापुरतं. माझी अम्मी माझ्या शाळेत आयुष्यात दोनदा आली, एकदा नाव घालायला आणि एकदा दाखला न्यायला. दोन्ही वेळा बुरख्याचा पदर सावरत दाराबाहेर उभी राहिली. आत या, बसा, असं कोणी म्हटलं नाही आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी मात्र माझ्या पाटीवरचा एकेक शब्द ती मला मोठ्याने वाचायला लावायची. तिला स्वतःला मराठी अक्षर येत नव्हतं, मी चुकलो की माझ्या आवाजावरून ओळखायची. या बाईला कोणत्या रजिस्टरमध्ये ‘उदासीन’ म्हणून नोंदवायचं?

मुरबाड-शहापूरच्या पालकाचं खरं वैर कॅलेंडरशी आहे. भातकापणी झाली, दिवाळी सरली, की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणं ऐच्छिक नसतं. परत येणं पावसाच्या तोंडावर. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि त्यातले मधले सहा महिने हे पोर भट्टीवर मातीत असतं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात भट्टीवरच शाळा चालवल्या. भट्टीवरच्या खोपटाला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. कोसबाडच्या कुरणशाळेचं हे पुढचं पाऊल म्हणता येईल. गुरं जिथे तिथे शाळा, तशी वीट जिथे तिथे शाळा. सरकारलाही पुढे स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि इतर सोयी कराव्या लागल्या.

मग आला २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम २१ वाचलं की क्षणभर वाटतं, फुल्यांचं निवेदन आणि बाबासाहेबांचा आक्षेप दोन्ही कोणीतरी समोर ठेवून ते लिहिलंय. विनाअनुदानित सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक. निम्म्या स्त्रिया. वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्षही पालकांतूनच निवडायचा. काम काय? शाळेवर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, अनुदानाचा पैसा कुठे गेला ते पाहणं. दीडशे वर्षांपूर्वी आणा भरणाऱ्याला अखेर हिशेब मागण्याचा अधिकार मिळाला.

कागदावर. धसईच्या पुढच्या डोंगराकडच्या एका शाळेत (नाव घेत नाही) मी अशा समितीचं इतिवृत्त पाहिलं. वही नेटकी होती, दर महिन्याची सभा, खाली सह्या आणि अंगठे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळे महिने भरलेले. मी गुरुजींना विचारलं, या तीन महिन्यांत ही चार कुटुंबं गावात असतात का? ते हसले. म्हणाले, “सर, सभा नाही घेतली तर वरून विचारणा होते. सगळं आल्यावर आम्ही वाचून दाखवतो आणि सह्या घेतो.” माणूस प्रामाणिक होता, दोन वर्ग एका खोलीत शिकवत होता. समितीतल्या एका दादांना मी नंतर त्यांच्या घरी गाठलं. आपण सदस्य आहोत हे त्यांना ठाऊक होतं. आराखडा, अनुदान हे शब्द त्यांनी ऐकले होते. “पण आम्ही काय विचारणार?” त्यांनी मलाच विचारलं. “गुरुजी चांगलेत. विचारलं तर त्यांना वाटंल आमचा भरोसा नाय.”

हे फक्त मुरबाडचं नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेसोबत एक अभ्यास केला. तेव्हा तिथे गाव शिक्षण समित्या होत्या. ९२ टक्के पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं. त्याहून कमाल म्हणजे समितीच्या सुमारे एक चतुर्थांश सदस्यांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. मग गावागावात सभा घेऊन पालकांना हक्क सांगितले गेले. समित्यांच्या कामात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो तिसऱ्या गटातल्या गावांत, जिथे गावातल्याच तरुणांना मुलांना वाचायला शिकवण्याची साधी पद्धत दाखवली आणि त्यांनी संध्याकाळचे वर्ग चालवले. त्या वर्गांना गेलेली मुलं वाचू लागली. नुसत्या माहितीने माणूस सभेला येत नाही. आपण केलं तर काही होईल, असा हाताला लागणारा अनुभव आला तर तो उठतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. कलम २१ मध्ये २०१२ ला दुरुस्ती झाली. अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांमध्ये ही समिती फक्त सल्लागार राहील असं ठरलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा कायदाच लागू नाही असा निकाल दिला. १ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची गरज मांडली. कलम ३० चा हक्क मोलाचा आहे, तो गेला तर काय होईल याची भीती मलाही आहे. पण त्याचा आजचा व्यवहारी अर्थ काय झाला ते पाहा. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या उर्दू शाळेतल्या आईला कायद्याने आराखडा मागता येतो. शेजारच्या अनुदानित ‘कौमी’ शाळेतल्या आईला तो मागता येत नाही, तिथले ट्रस्टी देतील तर. पगार दोन्हीकडे सरकारी तिजोरीतूनच. हक्क समाजाचा म्हणून मिळवला आणि तो ट्रस्टींच्या टेबलाच्या खणात जाऊन बसला. १९२८ चा बाबासाहेबांचा प्रश्न आपल्यालाही लागू होतो, की समाज म्हणजे नक्की कोण? सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलं होतं की मुस्लिम पालकांना आधुनिक शिक्षणाचं वावडं नाही, परवडणाऱ्या सरकारी शाळेत पोरांना घालायला ते तयार आहेत, आणि शालेय वयाची जेमतेम ३ टक्के मुलं मदरशांत जातात. तरी आपल्याच संस्थांच्या जलशात ‘कौम गाफिल है’ हे भाषण दरवर्षी होतं. समोर खुर्च्यांवर तेच पालक बसलेले असतात, फीचे पैसे जमवून आलेले.

मुरबाडकडे परत यायचं कारण तातडीचं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेतचं नाव घेतलं गेलं. राज्यात अशा लहान शाळा सुमारे १५ हजार, आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. मोठी शाळा, जास्त शिक्षक, बस, हे ऐकायला वाईट नाही. आठ-दहा मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने चार इयत्ता शिकवणं ही काही आदर्श व्यवस्था नव्हे, हेही मान्य. पण शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं, ते डोंगर, ओढे आणि माळशेजचा पाऊस असलेल्या तालुक्यासाठी किती महत्त्वाचं आहे, ते जुलैमध्ये तिथे एकदा चालून पाहावं. शाळा दूर गेली की आधी मुलगी थांबते. दुसरी गोष्ट सहसा बोलली जात नाही. पाड्याची शाळा बंद झाली की तिची समितीही जाते, आणि ते दादा ज्या मोठ्या शाळेत जातील तिथे त्यांच्यासारख्याला खुर्ची मिळेल याची खात्री नाही. दूरच्या शाळेत भट्टीवरच्या बापाला विचारणार कोण?

धसईला कॅशलेस करण्याच्या नऊ महिने आधी, ८ मार्च २०१६ ला, याच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी पुढाकार घेतला, मोतीराम दलाल ट्रस्टने मदत केली. साठीच्या, सत्तरीच्या, अगदी नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन दुपारी दोन तास बसू लागल्या. बातम्यांत त्या पाटीचे आणि लुगड्यांचे फोटो आले. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. घरी गेल्यावर आजीचा अभ्यास नातवंडं घेऊ लागली. म्हणजे शाळेतून घरात येणारी वही पहिल्यांदाच दोघांची झाली. ही आजी सून-मुलगा शेतावर गेल्यावर घरात असते, नातवाला शाळेत सोडते, तो शाळेतून पळून आला तर तिलाच आधी कळतं. समितीच्या नियमात तिला जागा नाही, कारण ती आई नाही आणि बाप नाही. कायद्यात पालकाबरोबर ‘संरक्षक’ असा शब्द आहे. मायबाप भट्टीवर असताना जिच्याकडे पोर ठेवलेलं असतं त्या आजीला या शब्दाखाली समितीवर घ्यायला शिक्षण विभागाने एका परिपत्रकाने सांगितलं, तर जानेवारी ते मार्चच्या सभांना मुरबाडमध्ये खरी माणसं बसतील. अंगठ्याऐवजी सही करणाऱ्या निदान काहीजणी तरी फांगण्यात आता आहेत.